बहिणींची कादंबरी वाचायचीय, मग ॲटवूड की मॅक्युअन?

बहिणी, घरात दाबून ठेवलेलं काहीतरी आणि घरच्यांना न चालणारं प्रेम, हे सगळं एकाच पुस्तकात हवं असेल तर माझ्या डोक्यात दोनच नावं येतात, मार्गारेट ॲटवूडचं 'द ब्लाइंड असॅसिन' (२०००, त्याच वर्षीचं बुकर) नाहीतर इयन मॅक्युअनचं 'अटोनमेंट' (२००१).

अटोनमेंट पटकन पकड घेतं. १९३५ चा उन्हाळा, इंग्लंडमधलं मोठं घर, तेरा वर्षांची ब्रायनी खिडकीतून बघते तर थोरली सिसिलिया आणि कामवालीचा मुलगा रॉबी कारंज्यापाशी, तिला अर्धवट कळतं आणि उरलेलं ती मनानेच भरते, मग काय होणार. रॉबीच्या केंब्रिजचा खर्च सिसिलियाच्या वडिलांनीच केलाय, पण वेळ आली की तो कामवालीचाच मुलगा, हे आपल्याला वेगळं समजवायला नको. जवळजवळ अर्धं पुस्तक त्या एकाच दिवसाचं, मग थेट दुसऱ्या महायुद्धातलं फ्रान्समधलं डंकर्क. पण खरं सांगू का, बहिणी यात फार कमी वेळ एकत्र दिसतात, नंतर तर सिसिलिया धाकटीशी संबंधच तोडते.

बहिणीच पाहिजेत तर ॲटवूड. कॅनडा, दुसरं महायुद्ध नुकतंच संपलंय, पहिल्याच पानावर लॉरा गाडी पुलावरून खाली घालते आणि मग म्हातारी झालेली तिची थोरली बहीण आयरिस मागचं सगळं सांगत बसते, वडिलांची बटणांची फॅक्टरी, ती वाचवायला अठराव्या वर्षी रिचर्डशी लावून दिलेलं लग्न, नणंद विनिफ्रेड (ही बाई आपल्या कुठल्याही सीरियलमध्ये फिट बसेल), दोघी बहिणींनी पोलिसांपासून माळ्यावर लपवलेला ॲलेक्स. पिकनिकच्या एका फोटोत मधे ॲलेक्स, दोन बाजूंना दोघी. लॉरा त्याच्या दोन प्रती काढते आणि अशा कापते की प्रत्येकीच्या फोटोत ॲलेक्सबरोबर ती स्वतः आणि कडेला दुसरीचा नुसता हात. अख्खी कादंबरी त्या हातात आहे!

त्रास एवढाच की ५०० च्या वर पानं, मधेच पेपरची कात्रणं, कादंबरीत दुसरी कादंबरी आणि तिच्यातही परग्रहावरची गोष्ट, गालिचे विणून आंधळी झालेली मुलं पुढे मारेकरी होतात वगैरे. सुरुवातीला कंटाळा येतो, पण ती गोष्ट गाळू नका, तिच्यातच बरंच काही लपवलंय.

२००७ चा केरा नाइटलीचा पिक्चर बघितला असेल तर अटोनमेंटचं गुपित फुटलेलंच आहे, सरळ ॲटवूड घ्या. नसेल बघितला आणि हाताशी एखादाच वीकेंड असेल तर अटोनमेंट, पिक्चर नंतर.