कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गेलाय असं सांगून माझा चांगला पार्ट काढून घेतला, तुम्ही सावध रहा

चेक इंजिनचा दिवा लागला, गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला आणि लगेच "कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गेला, बदलायलाच लागेल" असं म्हणाला तर हो म्हणायच्या आधी हे वाचा. कन्व्हर्टर म्हणजे सायलेन्सरच्या पाईपमधला, धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा. माझ्या गॅरेजवाल्याने माझ्याकडून कंपनीच्या नवीन कन्व्हर्टरचे पैसे घेतले, गाडीतला मूळ कंपनीचा कन्व्हर्टर कापून स्वतःकडे ठेवला, त्याजागी हलका माल वेल्ड करून बसवला आणि खरा फॉल्ट होता तिथेच राहिला. म्हणजे दोन्हीकडून कमावलं त्याने, माझ्याकडून पण आणि माझ्या जुन्या पार्टमधून पण.

गाडी पेट्रोल. पिकअप व्यवस्थित, अ‍ॅव्हरेज नेहमीचं, कुठे झटके नाहीत की बंद पडणं नाही. फक्त सकाळी गार इंजिन चालू केलं की खालून बारीक फुसफुस यायची आणि गाडी तापली की बंद व्हायची. हे मी त्याला आपणहून सांगितलं होतं. "गार सायलेन्सरला येतोच आवाज" म्हणून त्याने ते उडवून लावलं. ह्या एका आवाजातच सगळं उत्तर होतं हे नंतर कळलं.

स्कॅनरवर पी०४२० हा कोड आला. मोबाईल माझ्यासमोर धरून म्हणाला, बघा साहेब, मी नाही सांगत, गाडीचा कॉम्प्युटरच सांगतोय कन्व्हर्टर गेलाय. इथेच माणूस फसतो कारण स्क्रीनवर इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं असतं आणि आपल्याला वाटतं मशीन कशाला खोटं बोलेल. मशीन खोटं बोलत नाही हे खरं आहे पण मशीनने "कन्व्हर्टर बदला" असं म्हटलेलंच नसतं. पी०४२० चा अर्थ एवढाच की कन्व्हर्टरची कार्यक्षमता ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी दिसतेय. दिसतेय हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण कॉम्प्युटर कन्व्हर्टरच्या आत बघू शकत नाही, तो फक्त ऑक्सिजन सेन्सरवरून अंदाज बांधतो.

ते कसं चालतं हे थोडक्यात सांगतो कारण हे समजलं की कोणी सहज गंडवू शकत नाही. कन्व्हर्टरच्या आधी एक सेन्सर असतो आणि नंतर एक. साध्या प्रकारचा सेन्सर असेल तर पुढचा सतत साधारण ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये वरखाली होत राहतो, ते नॉर्मल आहे. कन्व्हर्टर चांगला असेल तर तो ऑक्सिजन साठवतो आणि वापरतो, म्हणून मागच्या सेन्सरची रेघ साधारण ०.६-०.७ च्या आसपास जवळजवळ सरळ राहते. मागचा पण पुढच्यासारखा नाचायला लागला की कॉम्प्युटर म्हणतो कन्व्हर्टर काम करत नाही आणि दिवा लावतो. बऱ्याच नव्या गाड्यांत पुढचा सेन्सर वेगळ्या प्रकारचा असतो, त्याचे आकडे असे दिसत नाहीत, पण मागचा बहुतेक करून हाच.

आता मागचा सेन्सर नाचायला कन्व्हर्टरच खराब पाहिजे असं अजिबात नाही. सेन्सर स्वतः म्हातारा झाला असेल, वायरिंगमध्ये गडबड असेल, किंवा सेन्सरच्या आधी पाईपच्या जोडात कुठे लीक असेल. पाईपमधून धूर एकसारखा जात नाही, धक्क्या-धक्क्याने जातो, आणि दोन धक्क्यांच्या मधे लीकच्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. त्या हवेतला ऑक्सिजन मागच्या सेन्सरला दिसतो आणि बिचाऱ्या कन्व्हर्टरवर आळ येतो. माझ्या गाडीत नेमकं हेच होतं. गार असताना फट मोठी म्हणून फुसफुस, लोखंड तापून प्रसरण पावलं की फट बरीचशी मिटते म्हणून आवाज बंद, पण पूर्ण मिटत नाही.

त्या माणसाने स्कॅनरवर सेन्सरचा ग्राफ उघडलाच नाही. गाडीखाली बघितलं पण नाही. कोड वाचला आणि पार्ट सांगितला. वरून घाई, असंच चालवलं तर इंजिन बसेल, रस्त्यात अडकाल वगैरे. खरं म्हणजे दिवा स्थिर लागलेला असेल आणि गाडी नीट चालत असेल तर दुसरीकडे दाखवायला वेळ असतो. दिवा लुकलुकत असेल तर गोष्ट वेगळी, तो मिसफायरचा, म्हणजे सिलेंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटण्याचा, इशारा असतो, न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो आतून वितळू शकतो, तेव्हा मात्र गाडी दामटू नका. कन्व्हर्टर खरंच चोक झाला असेल तर गाडी ओढत नाही, दम लागल्यासारखी करते, आतली सिरॅमिकची जाळी तुटली असेल तर ठोकल्यावर खुळखुळ वाजतं. माझ्या गाडीत यातलं एक लक्षण नव्हतं.

गाडी ठेवून जा म्हणाला, संध्याकाळी दिवा बंद करून हातात दिली. जुना पार्ट मागितला तर म्हणाला तो भंगारात टाकला, काय करणार तुम्ही घेऊन, नुसतं जळकं लोखंड. बिलावर "सायलेन्सर काम" आणि "कॅट नवीन", पार्ट नंबर नाही, कंपनीचं नाव नाही.

जळकं लोखंड नसतं ते. कन्व्हर्टरच्या आत मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम ह्या धातूंचा थर असतो. म्हणून तर जगभर उभ्या गाड्यांखालून कन्व्हर्टर कापून चोऱ्या होतात. भंगारवाले त्यावरचा नंबर बघून भाव करतात, मूळ कंपनीच्या तुकड्याला चांगला भाव येतो आणि बाहेरच्या स्वस्त मालाला फारच कमी कारण त्यात धातूचा थरच पातळ असतो. म्हणजे "भंगारात टाकला" याचा अर्थ "मी विकला" असा असतो आणि जे विकलं ते तुमचं असतं.

आणि दिवा बंद झाला म्हणजे काम झालं असं नाही हो. स्कॅनरचं एक बटण दाबलं की असा कोड पुसता येतो, काही न बदलता. पुसल्यावर गाडी आपल्या सगळ्या टेस्ट पहिल्यापासून करते, आणि कन्व्हर्टरची टेस्ट व्हायला गाडी नीट तापून काही काळ एका लयीत चालावी लागते, वर बऱ्याच गाड्यांत लागोपाठ दोनदा फेल झाल्याशिवाय दिवा लागत नाही. तेवढ्या वेळात तुम्ही पैसे देऊन घरी पोचलेले असता. स्कॅनरमध्ये "रेडिनेस मॉनिटर" म्हणून एक पान असतं, त्यात कॅटॅलिस्टपुढे (म्हणजे कन्व्हर्टरपुढे) "अपूर्ण" दिसत असेल तर अजून टेस्टच झालेली नाही. ते पान दाखवा म्हणायचं.

दिवा परत लागला, तोच कोड. पहिल्याला फोन केला तर म्हणे आता सेन्सर गेला असेल, घेऊन या. मी दुसऱ्या मेकॅनिककडे गेलो, ह्यांनी आधी आवाजाबद्दल विचारलं, गाडी रात्रभर ठेवून घेतली आणि सकाळी गार इंजिनवर चालू केली, मागे सायलेन्सरच्या तोंडाशी जाड फडकं थोडा वेळ धरलं की आतलं प्रेशर वाढतं आणि लीक असेल तिथून आवाज मोठा येतो. कन्व्हर्टरच्या नंतरच्या जोडावर, मागच्या सेन्सरच्या बरोबर अलीकडे, फ्लँजवर (दोन पाईप नट-बोल्टने जोडणाऱ्या चपट्या कडेवर) काजळीचा काळा ओघळ होता. मला खाली बोलवून दाखवला. नटवर जुना गंज तसाच, म्हणजे पहिल्याने तो जोड खोललाच नव्हता, अलीकडून पाईप कापून मधे तुकडा डकवला होता. तो तुकडा बघूनच कळत होतं, कोरा डबा, नंबर नाही, शिक्का नाही, वेल्डिंगचे गोळे तसेच आणि वरचं हीट शील्ड (उष्णता अडवणारा पत्रा) गायब. मूळ कन्व्हर्टरवर कंपनीचा शिक्का आणि नंबर कोरलेला असतो.

जोडातलं गॅस्केट (पॅकिंग) आणि दोन नट बदलले. नंतर त्यांनी ग्राफ दाखवला, जी रेघ नाचत होती ती शांत झाली. ह्या हलक्या कन्व्हर्टरवर सुद्धा शांत झाली, मग माझ्या मूळ कन्व्हर्टरला काय झालं होतं? काही नाही. मात्र ते असंही म्हणाले की ह्या मालात थर पातळ असतो, हा लवकर दमेल आणि तेव्हा खरोखरचा पी०४२० येईल. म्हणजे माझ्यासाठी खर्च अजून संपलेला नाही याचा मला खूप राग आहे.

फोटो घेऊन पहिल्याकडे गेलो. आधी ओळखच दाखवेना, मग म्हणाला कंपनीचाच आहे, मग म्हणाला कंपनीसारखाच आहे. बॉक्स दाखवा म्हटलं, नाही. नंबर सांगा म्हटलं, नाही. पैसे परत नाहीत, जुना पार्ट नाही.

म्हणून काम सुरू व्हायच्या आधी बोलून घ्या की जुना पार्ट माझ्या हातात पाहिजे, आणि आधी गाडीत आहे तसाच नंबरासकट फोटो काढा. जो खरं काम करतो त्याला याचा राग येत नाही. काही पार्टवर जुना परत दिला तर सूट असते, जसं अल्टरनेटर किंवा स्टार्टर, तिथे पार्ट ठेवून घेणं रास्त आहे पण ती सूट बिलात दिसली पाहिजे.

नवीन पार्ट खरंच लागणार असेल तर मॉडेलच्या नावावर मागू नका. चेसिस नंबर द्या, तो १७ अक्षर-आकड्यांचा असतो आणि त्यात आय, ओ, क्यू ही अक्षरं नसतातच, म्हणून गोल दिसलं की ते शून्य समजा. एकाच मॉडेलमध्ये एमिशनचा (धुराच्या प्रदूषणाचा) नियम बदलला की कन्व्हर्टर बदलतो, सेन्सर बदलतो, वायरची लांबी आणि कनेक्टर पण बदलतात. सेन्सर सांगताना "बँक १ सेन्सर २" असं सांगितलं तर तो एक नंबर सिलेंडरच्या बाजूचा, कन्व्हर्टरनंतरचा. पुढचा मागे बसवून देणारे पण आहेत. जुन्या पार्टचा नंबर आणि नवीन बॉक्सचा नंबर जुळत नसेल तर लगेच खोटा म्हणू नका, कंपन्या जुना नंबर बंद करून नवीन काढतात, पण तसं असेल तर कॅटलॉगमध्ये जुन्यासमोर नवीन नंबर लिहिलेला असतो, तो दाखवायला लावा. बॉक्सवर एक नंबर आणि आतल्या पार्टवर दुसराच, किंवा पार्टवरचा नंबर घासलेला, असं असेल तर मात्र घेऊ नका.

हाच प्रकार चार्जिंगच्या बाबतीत पण खूप चालतो. बॅटरीचा दिवा लागला की थेट अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा पार्ट) गेला सांगतात. साधं मल्टीमीटर लावायला सांगा. गाडी काही तास बंद असताना चांगली भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, चालू गाडीत साधारण १३.८ ते १४.५ यायला पाहिजे, नव्या गाड्यांत कॉम्प्युटर हे कमीजास्त करतो. कमी आलं तरी आधी बेल्ट ढिला आहे का, टर्मिनलवर पांढरी बुरशी आहे का, अर्थिंगची वायर गंजली आहे का हे बघायचं, मग अल्टरनेटरचं नाव काढायचं.

कोणी नुसता कोड वाचून पार्टचं नाव सांगितलं तर एवढंच विचारा, हा पार्टच खराब आहे हे कसं तपासलं, मला दाखवा. माझ्या पहिल्याकडे याचं उत्तर नव्हतं, दुसऱ्याने न विचारता गाडीखाली बोलवून काजळी दाखवली होती.