ऑपरेशननंतर घरी झोपायला : भाड्याचा फाउलर बेड की घरचा दिवाण?

डिस्चार्जच्या आदल्या दिवशी जळगाव-धुळ्याकडच्या घरांत ही चर्चा हमखास होते. सर्जिकलवाल्याकडून, म्हणजे दवाखान्याच्या सामानाच्या दुकानातून, फाउलर (हँडल फिरवून पाठ वर-खाली करता येणारा दवाखान्यातला बेड) भाड्याने आणायचा, की पुढच्या खोलीतल्या दिवाणावरच सोय करायची? इथे पेशंट पोटाच्या ऑपरेशनचा धरलाय : हर्निया, पित्ताशय, गर्भपिशवी, सिझेरियन. आणि हात धरून का होईना, संडासपर्यंत चालत जाणारा. खुब्याचं हाड मोडलेल्या किंवा अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी वादच नाही. सरळ फाउलर आणा आणि दर दोन तासांनी कूस बदलून द्यायला माणूस नेमा.

फाउलर घेताना हँडल एक की दोन, हे आधी विचारा. एक हँडल म्हणजे सेमी-फाउलर, त्यात फक्त पाठ उचलते. दोन हँडलच्या बेडचा गुडघ्याखालचा भागही वर येतो, आणि पोटाच्या पेशंटला खरा आराम तिथूनच मिळतो. गुडघे थोडे वाकले की पोटाचे स्नायू सैल पडतात, टाक्यांवरचा ताण उतरतो. कठडे असतात, त्यामुळे रात्री चक्कर येणाऱ्या म्हाताऱ्या माणसाची धास्ती कमी होते. उंचीमुळे सेवा करणाऱ्याची कंबरही वाचते. एवढं सगळं त्याच्या बाजूने आहे, ते नाकारत नाही.

माझा कौल फिरला तो गादीमुळे. ही गादी फोमची आणि वर रेक्झिन. दवाखान्यात ते रास्तच, ओल्या फडक्याने पुसून घेता येतं. पण मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास आणि स्लॅब मध्यरात्रीपर्यंत तापलेला, अशा घरात पाठीखाली घामाचं तळं साचतं. कुलरचा वारा अंगावरून जातो, अंगाखाली पोचत नाही. चादर ओली होते, रेक्झिनवरून सरकते, कमरेखाली गोळा होते, आणि तिच्याबरोबर माणूसही पायथ्याकडे घसरतो. पाठ ३० अंशांच्या वर आणि गुडघे सपाट असतील तर आणखीच लवकर. मग दर तासाला हाक येते, ‘माले जरासं वर ले रे.’ घरचे काखेत हात घालून ओढतात. त्याने टाके ताणले जातात आणि माकडहाडाजवळची कातडी घासली जाते. हँडलही बेडच्या पायथ्याशी, म्हणजे पाठ दोन बोटं खाली करायची तरी कुणाला तरी उठवायचंच.

यावर उपाय आहेत. चादरीच्या चारही टोकांना नाडी शिवून ती गादीखालून बांधायची, वर पातळ सुती गोधडी टाकायची. ओढण्याआधी पाठ पूर्ण खाली करायची, पेशंटला गुडघे वाकवून टाचा रोवायला सांगायचं, म्हणजे तो बराचसा आपणच वर सरकतो. असं करून निम्मा त्रास जातो. निम्मा उरतो.

दिवाणावर जुनी, दबलेली कापसाची गादी असेल तर हे दुखणं मुळातच कमी. सुती खोळीवर सुती चादर धरून राहते, कापूस घाम शोषतो, आणि सकाळी उन्हात टाकली की दुपारपर्यंत गादी कोरडी. नुकती पिंजून भरलेली गादी मात्र नको, ती कमरेला खचते. नवारीची बाजही नको, तिच्या झोळातून कुशीवर वळता येत नाही.

दिवाणाला उतार आपण द्यायचा. गादीवाल्याकडून कडक फोमची पाचर कापून घ्या : लांबी २४ इंच, उंच टोक १० इंच. त्याने साधारण २२-२३ अंशांचा चढ मिळतो, झोपायला तेवढा पुरतो. खोळ सुतीच शिवायची. पाचर कमरेपासून सुरू झाली पाहिजे. नुसत्या उशा खांद्याखाली रचल्या तर मान दुमडते आणि पोटावर दाब येतो. गुडघ्यांखाली गुंडाळलेली गोधडी ठेवली की घसरणं थांबतं. (गुडघा बदललेल्यांनी ही गोधडी ठेवू नये, तिथे पाय सरळ राहायला हवा.) बाजारातला लोखंडी बॅकरेस्ट घेतलात तर तो भिंतीला टेकवूनच लावा, नाहीतर मागे सरकतो.

उंचीही बघा. गादीसकट १८ ते २० इंच बहुतेकांना जमते, बसल्यावर तळपाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. फाउलर गादीसकट याहून उंच असतो. ठेंगण्या बाईचे पाय लोंबतात, मग खाली पाट ठेवतात आणि तो फरशीवर सरकतो. उठताना सरळ उठून बसायचं नाही. गुडघे वाकवा, खांदा-कंबर एकदम वळवून कुशीवर या, पाय खाली सोडा आणि कोपराने रेटा देत उठा. पित्ताशयाचं ऑपरेशन उजवीकडचं, म्हणून उतरायची मोकळी बाजू डावी ठेवा. खोकला आला तर छोटी उशी पोटावर घट्ट धरा. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर पहिले दोन-तीन दिवस खांदा दुखतो, तो बहुधा पोटात भरलेल्या वायूमुळे. झोपायची जागा बदलून तो थांबत नाही, थोडं चालल्याने हलका होतो.

दिवाणाचा दोष एकच मोठा. जखम पाझरली किंवा लघवी सुटली तर कापूस पितो. कमरेखाली हातभर रबरी शीट आणि त्यावर जुनं सुती लुगडं, एवढं पुरे; अख्ख्या गादीवर रबर पसरलं तर पुन्हा रेक्झिनचाच खेळ सुरू.

डॉक्टरांनी पाठ ठरावीक अंशांत ठेवायला सांगितली असेल तर त्यांचंच ऐका. एरवी चालत्या पेशंटसाठी मी दिवाणाकडेच झुकेन, हिवाळ्यात कदाचित थोडा कमी. फाउलरच आणायचा ठरला तर गाडी बोलावण्याआधी दाराची चौकट मोजा. बेड तीन फुटी असतो. गावाकडच्या जुन्या घराचं दार त्याहून अरुंद असलं तर सांगाडा आडवा करून, उंबऱ्यावरून उचलून न्यावा लागतो. चाकांचे ब्रेक तिथेच, सर्जिकलवाल्यासमोर, लावून बघा. बहुतेक बेडना ते दोनच चाकांना असतात, आणि गुळगुळीत फरशीवर उतरताना बेड हलला तर पेशंट दुसऱ्या दिवशी उठायलाच घाबरतो.