खाऱ्या शेतात कोणता भात? रता, पनवेल, कोरगुट आणि नवं बियाणं

खाऱ्या शेतात भाताला मिठाचा मार दोनदा बसतो. पहिला आवणीच्या, म्हणजे रोपं लावण्याच्या, आसपास, रोप दोन-तीन पानांवर असल्यापासून ते मूळ धरेपर्यंत. दुसरा पोटरीपासून, म्हणजे लोंब रोपाच्या पोटात धरल्यापासून, फुलोऱ्यापर्यंत. मधल्या काळात, फुटवे येताना, तेच रोप बरंच मीठ सोसतं. बी रुजतानाही फारसं अडत नाही. म्हणून ‘खाऱ्या जमिनीला चालणारं’ असं कुणी सांगितलं की मी आधी विचारतो, कुठल्या अवस्थेत चालणारं?

आमच्या खारेपाटात, म्हणजे रायगडच्या खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत, मिठाला स्वतःचं वेळापत्रक आहे. मे महिन्यात ढेकळांवर पांढरी खपली धरते, बोटाने खरवडली तर जिभेला झोंबते. जूनचा पाऊस ती धुतो, ओहोटीला उघाडीतून, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दारातून, ते पाणी खाडीत जातं आणि जुलैत आवणीजोगी जमीन मिळते. सप्टेंबरच्या शेवटी पाऊस ओसरला की वरचा थर वाळतो आणि खालचं खारं पाणी वर ओढलं जातं. त्या वेळी भात पोटरीत असेल तर लोंब बाहेर येते, उभी राहते, पण वाकत नाही. दाणा चिमटीत दाबला की तूस चपटं होतं, आत काही नसतं. सगळं पळिंज.

हे वेळापत्रक समोर ठेवून बियाणं तोलू.

आपला काळा रता आणि भुरा रता हे इथल्याच खाडीकाठी पिढ्यान्‌पिढ्या टिकलेले वाण. उंच वाढतात, त्यामुळे उधाणाचं पाणी शेतात तुंबलं तरी शेंडा वर राहतो. तांदूळ लाल, पेजेला आणि भाकरीला चवदार. बांध फुटून खांड गेल्यावर ज्या कोपऱ्यात दुसरं काही उभं राहत नाही, तिथे रता उभा राहतो. उणं एवढंच की उतारा, म्हणजे एकरी पीक, कमी, खत जास्त झालं की लोळतो आणि लाल तांदळाला गिरणीवर भाव मिळत नाही. घरी खायला पेरणाऱ्याला याची अडचण नाही, विकणाऱ्याला आहे.

पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने याच वाणांना हाताशी धरलं. पनवेल-१ हा भुरा रता ४-१० आणि आयआर ८ यांच्या संकरातून आला. आयआर ८ म्हणजे १९६६ मध्ये फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेतून बाहेर पडलेला तो ठेंगणा, भरघोस भात. रत्याची सोशिकता आणि ठेंगण्याचा उतारा एका रोपात आणायचा, हा त्यामागचा विचार. पुढे पनवेल-२ आणि पनवेल-३ आले. माझ्या मते बांध शाबूत असलेल्या, जुलैपर्यंत नीट धुऊन निघणाऱ्या शेतात विकाऊ भातासाठी पहिली पसंती याच वाणांना द्यावी. मूळ संकरातलं असलं तरी हे आता स्थिर झालेले सरळ वाण आहेत, दर वर्षी नवं घ्यावं लागणारं संकरित बियाणं नव्हे. भेसळ काढून, चांगल्या लोंब्या वेचून बियाणं घरी राखता येतं. पण बांधालगतच्या सखल पट्टीत, जिथे चिंबोऱ्यांच्या (खेकड्यांच्या) बिळांतून भरतीचं पाणी झिरपत राहतं, तिथे ठेंगण्या रोपाचा जीव गुदमरतो. तिथे मी रताच लावतो.

गोव्याचा कोरगुट हा आपल्या रत्याचाच भाऊबंद म्हणायला हरकत नाही. खाजणात, म्हणजे बांध घातलेल्या खाडीकाठच्या शेतात, वाढलेला, उंच, खाऱ्या पाण्याची सवय असलेला. जुन्या गोव्यातल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने कोरगुटातूनच चांगली रोपं निवडून गोवा धान १ आणि गोवा धान २ हे वाण काढले. इथे संकर नाही, शेतकऱ्यांच्याच बियाण्यातून केलेली निवड आहे. सिंधुदुर्गात खाजण असलेल्याने यांचा जरूर विचार करावा, माती आणि पाऊस दोन्ही जवळचे. रायगडकरांनी पहिल्या वर्षी एखाद्या गुंठ्यापुरतंच आणावं.

आता ज्याचं नाव सगळ्यात जास्त कानावर येतं ते: केरळचा पोक्काली आणि त्यातला ‘साल्टोल’. एर्नाकुळमच्या बाजूला पोक्काली पावसाळ्यात पिकतो आणि कापणीनंतर त्याच शेतात कोळंबी सोडतात. जिताडा माशाच्या तळ्यासाठी भात कायमचा सोडून देणाऱ्यांनी ही रीत एकदा बघावी. या भाताच्या पहिल्या गुणसूत्रावर एक भाग आहे, त्याला शास्त्रज्ञांनी साल्टोल नाव दिलं. मुळांतून वर चढणाऱ्या रसातलं सोडियम वाटेतच बाजूला काढणारा जनुक याच भागात आहे. पानापर्यंत सोडियम कमी पोहोचतं, पोटॅशियम टिकून राहतं, पान करपत नाही. हाच जनुक बंगालच्या नोना बोकरा या खाऱ्या भातातून २००५ मध्ये वेगळा करून दाखवला गेला. बांगलादेशात आणि आपल्याकडे साल्टोल चांगल्या वाणांत उतरवण्याचं काम बरंच पुढे गेलं आहे. पण साल्टोलचा आधार मुख्यतः रोपावस्थेत मिळतो. जूनअखेरीचा मार तो झेलेल, ऑक्टोबरच्या फुलोऱ्याची हमी एकट्या साल्टोलकडून मागू नका. फुलोऱ्यातली सोशिकता निराळ्या जनुकांवर चालते.

हरियाणातल्या कर्नालच्या मृदा क्षारता संशोधन संस्थेचा सीएसआर ३० बासमती आपल्याकडे आणायचा विचार कुणी करत असेल तर माझं उत्तर नाही असं आहे. भात उत्तम, पण तो सुमारे १५५ दिवस घेतो, म्हणजे आपल्याकडे नेमका मीठ वर चढताना फुलोऱ्यात. शिवाय कर्नालचं मोठं काम चोपण जमिनीवरचं आहे. चोपण आणि खार एकच समजू नका. चोपणात सामू (पीएच) चढतो आणि माती सिमेंटसारखी घट्ट होते, खारात मीठ पाण्यात विरघळलेलं असतं. उपायही वेगळे.

मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने पुसा डीएसटी राईस १ जाहीर केला. एमटीयू १०१० या आंध्रच्या वाणात बाहेरचा जनुक न घालता त्याच्याच डीएसटी जनुकात बदल केला आहे. हा जनुक निकामी झाला की पानावरची रंध्रं जास्त मिटलेली राहतात, पाणी कमी उडतं, रोप दुष्काळ आणि मीठ दोन्ही सोसतं. साल्टोल सोडियम अडवतो, हा पाणी वाचवतो. वाट वेगळी आहे आणि मला त्यातून आशा वाटते. पण खारेपाटातल्या तुंबलेल्या पाण्यात दोन-तीन हंगाम बघितल्याशिवाय मी सगळं शेत त्याच्या स्वाधीन करणार नाही.

बियाणं ठरवण्याआधी माती तपासा, आणि अहवाल वाचताना एक चूक टाळा. ती मी केली आहे. भाताची सोसण्याची मर्यादा साधारण ३ डेसीसायमन प्रति मीटर (क्षारता मोजायचं एकक) मानतात, पुढे दर एककामागे सुमारे १२ टक्के उतारा घटतो. म्हणजे ६ ला एक तृतीयांशाहून जास्त पीक गेलं. माझ्या अहवालात आकडा २ होता, मी निर्धास्त आवणी केली आणि पंधरा दिवसांत पानांचे शेंडे पांढरे पडून वळले. मर्यादेचा आकडा असतो चिखलासारख्या भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याचा. प्रयोगशाळेने मातीत अडीच पट पाणी घालून मोजलं होतं, त्यामुळे मीठ पातळ होऊन आकडा लहान दिसला. भारी मातीत खरी क्षारता त्याच्या दुप्पट-तिप्पट निघू शकते. कुठल्या पद्धतीने मोजलं हे आवर्जून विचारा. नमुनेही उघाडीजवळचा, मधला आणि बांधाकडचा असे वेगवेगळे द्या, एकत्र कालवू नका.

माझं यंदाचं ठरलंय: मधल्या मोठ्या खाचरांत पनवेल-३, बांधाकडच्या दोन पट्ट्यांत काळा रता, आणि उघाडीपासून दूरच्या एका गुंठ्यात गोवा धान. राब, म्हणजे रोपवाटिका, वरकस म्हणजे उंचवट्यावरच्या जमिनीवर, गोड पाण्यात, आणि रोप नेहमीपेक्षा आठवडाभर जून करून लावायचं. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तिन्ही ठिकाणची माती पुन्हा तपासायला देणार आहे, लोंब बाहेर पडत असतानाच.