शिकारीच्या नावाने विकली जाणारी स्वस्त दुर्बीण: माझा कौल ८×४२ ला

खोक्यावर शिंगं उगारलेलं हरीण, दुर्बिणीच्या अंगावर झाडपाल्याचा छाप, भिंगं डाळिंबी लाल आणि खाली ठळक आकडे: ३०×६०, दिवसा आणि रात्रीही. अशी दुर्बीण हातात आलीच तर आधी मोजपट्टी काढा. दुसरा आकडा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. ६० लिहिलंय तर भिंग सहा सेंटीमीटर भरायला हवं. या खेळण्यांचं निम्मंही भरत नाही. पहिल्या आकड्याची, म्हणजे किती पट मोठं दिसतं याची, गतही फार वेगळी नसते. लाल मुलामा तर उफराटाच प्रकार आहे. तो लाल उजेड परत फेकतो, म्हणून आतलं चित्र हिरवट दिसतं आणि अंधारतंही.

मी बंदूक धरत नाही. पण झुंजूमुंजू होताना आणि दिवस मावळताना रानाच्या कडेला बसून जनावरं शोधण्याचा मला नाद आहे. दुर्बिणीच्या बाबतीत माझी गरज आणि शिकाऱ्याची गरज एकच: उजेड कमी असताना, झुडपांच्या सावलीत, न हलणारं जनावर ओळखता यायला हवं. शिकाऱ्याची जबाबदारी तर माझ्याहून मोठी. बंदुकीवरच्या दुर्बिणीतून ‘तिकडे काय हललं’ हे बघायचं नसतं, कारण नजर जिथे फिरते तिथे नळीही फिरते, आणि तिकडे माणूसही असू शकतो. नर की मादी, पिल्लू सोबत आहे का, मागे काय आहे, हे सगळं हातातल्या दुर्बिणीनेच ठरवायचं. म्हणून ती स्वस्त घ्यायची असली तरी कशीही घेऊन चालत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की पैसे मोजकेच असतील तर ते उजेडावर घाला, मोठेपणावर नको. पुढच्या भिंगाच्या व्यासाला पटीने भागलं की मागून बाहेर पडणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते. ८×४२ मध्ये ती सव्वापाच मिलिमीटर, १०×४२ मध्ये ४.२ आणि खिशात मावणाऱ्या १०×२५ मध्ये जेमतेम अडीच. हिशेब नको असेल तर दुर्बीण हातभर लांब धरून आकाशाकडे रोखा (सूर्याकडे कधीच नाही). मागच्या भिंगांत उजेडाच्या दोन चकत्या दिसतात, त्याच या. अंधारात तरुण डोळ्याची बाहुली सात मिलिमीटरपर्यंत उघडते, वय वाढलं की पाचच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. बाहुली पाच मिलिमीटर उघडी आणि झोत अडीचचा, तर डोळ्याची तयारी वाया गेली. भर दिवसा बाहुली दोन-तीन मिलिमीटरचीच असते, त्यामुळे दुकानाच्या लख्ख दिव्याखाली सगळ्याच दुर्बिणी झकास दिसतात. खरेदी करायची तर संध्याकाळी जा, आणि दुकानदाराला न लाजता बाहेर येऊन समोरच्या झाडाच्या बुंध्याजवळचा काळोख बघा.

एकदा शेजारी बसलेला मित्र त्याच्या छोट्या १०×२५ मधून बघत ‘ते खोड आहे’ म्हणून मोकळा झाला. माझ्या ८×४२ मध्ये त्या खोडाने कान हलवला. त्याची दुर्बीण वाईट नव्हती, दुपारी पाणवठ्यावर तिने छान काम केलं होतं. फक्त ती वेळ तिची नव्हती.

दहा पटीवाले इथे ‘ट्वायलाइट फॅक्टर’, म्हणजे संधिप्रकाशात दुर्बीण किती तपशील दाखवेल याचा आकडा, पुढे करतात. दोन्ही आकड्यांचा गुणाकार करून वर्गमूळ काढायचं: ८×४२ ला १८.३, १०×४२ ला २०.५, म्हणजे दहाच सरस! पण त्याच सूत्राने वरच्या ३०×६० ला ४२.४ मिळतात. सूत्राला भिंगाचा दर्जा कळत नाही आणि तुमचा थरथरणारा हातही कळत नाही. पट वाढली की थरथरही त्याच पटीने वाढते आणि एका नजरेत मावणारा परिसर बहुधा आक्रसतो. उघड्या माळावर, तिपाईवर चढवून, समोरची लांबची डोंगरउतरण तासन्‌तास चाळायची असेल तर दहा जरूर घ्या. झाडीत बसणार असाल, किंवा चढ चढून धापा टाकत दुर्बीण डोळ्याला लावणार असाल, तर आठच.

आता आतल्या काचेकडे. स्वस्त दुर्बिणीचा निकाल इथेच लागतो. जुन्या घाटाची, खांदे बाहेर आलेली नागमोडी दुर्बीण ती पोरो प्रिझमची. इग्नाझियो पोरो या इटालियन माणसाने १८५४ साली या रचनेचं पेटंट घेतलं. सरळ नळ्यांची, आटोपशीर दिसते ती रूफ प्रिझमची. पोरोमध्ये प्रकाश काचेच्या आतल्या आतच पूर्णपणे परावर्तित होतो, आरसा लागत नाही. सरळ नळ्यांच्या बहुतेक दुर्बिणींत मात्र प्रिझमच्या एका बाजूला आरशाचा थर द्यावा लागतो, आणि प्रिझमच्या छपरासारख्या कडेवर प्रकाश दुभंगून पुन्हा जुळताना तपशील पुसट होतो. त्यावरचा उपाय म्हणजे फेज कोटिंग. झाइस या जर्मन कंपनीने तो १९८८ मध्ये बाजारात आणला. हे सगळं करायला पैसा लागतो. म्हणून अगदी खालच्या किमतीत पोरो आणि रूफ शेजारी ठेवल्या तर मी डोळे मिटून पोरो उचलीन. दिसायला ती आजोबांची वाटते, वाटू दे.

निकॉनची अक्युलॉन ए२११, ८×४२, ही त्यातली माझी आवडती. पोरो, आठ अंशांचं ऐसपैस दृश्य, म्हणजे हजार मीटरवर साधारण १४० मीटर रुंदीचा पट्टा एका नजरेत. धावणारं डुक्कर त्यातून सहज निसटत नाही. पण ती पाणी रोखणारी नाही, वजन ७५५ ग्रॅम, आणि मागच्या भिंगापासून डोळा जास्तीत जास्त किती लांब ठेवता येतो ते अंतर अवघं १२ मिलिमीटर. मी चष्मेवाली. आम्हाला हे अंतर निदान १५-१६ तरी हवं, नाहीतर कडा कापल्या जातात आणि भोकातून बघितल्यासारखं दिसतं. बिनचष्म्याच्या माणसाला मी हीच सुचवते, स्वतः वापरत नाही.

मी वापरते व्हॉर्टेक्सची डायमंडबॅक एचडी, ८×४२. अगदी तळाच्या किमतीतली नाही, पण नामांकित युरोपीय दुर्बिणींपुढे तिची किंमत किरकोळच. सरळ नळ्या, फेज कोटिंग आहे, आरशाचा थरही वरच्या दर्जाचा डायइलेक्ट्रिक. डोळ्याचं अंतर १७ मिलिमीटर, वजन सहाशे ग्रॅमच्या आसपास, पाणी आत जात नाही, आत आरगॉन वायू भरलेला. तापमान अचानक बदललं तरी दुर्बिणीच्या आत वाफ धरू नये म्हणून ही सोय. बाहेरची भिंगं मात्र धुरकटतात, त्यावर या वायूचा इलाज चालत नाही. श्वास खाली सोडायचा. संध्याकाळी शेवटचा उजेड सरेपर्यंत ती साथ देते. मावळतीच्या आकाशावर काळी फांदी बघितली की कडेला जांभळट रेघ दिसते, या किमतीत ते चालायचंच. कंपनीची आयुष्यभराची हमी असते. ती तुमच्याकडे कोण, कुठे निभावतं हे मात्र विकत घेण्यापूर्वी विचारा.

‘कोटेड’ आणि ‘फुली मल्टिकोटेड’ यांत फरक आहे, तो नीट वाचा. थर न दिलेल्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे चार टक्के प्रकाश परत फेकतो, आणि दुर्बिणीत असे दहाहून अधिक पृष्ठभाग असतात. हे परावर्तन कमी करायला काचेवर थर देतात. ‘फुली मल्टिकोटेड’ म्हणजे हवेला लागणाऱ्या प्रत्येक पृष्ठभागावर अनेक थर, नुसतं ‘कोटेड’ म्हणजे कुठल्यातरी एका भिंगाला एक थर दिला तरी बोलायला मोकळे.

घेताना लांबच्या घराच्या छपराची आडवी रेघ बघा आणि दुर्बीण डोळ्यांपासून हळूहळू वीतभर मागे न्या. डाव्या-उजव्या चित्रांतली रेघ वर-खाली सरकलेली दिसली तर नळ्या जुळलेल्या नाहीत. अशी दुर्बीण पाच मिनिटांत डोकं उठवते आणि लोक म्हणतात, ‘मला दुर्बीण सोसत नाही.’ कित्येकदा खरं कारण याहून साधं असतं: उजव्या डोळ्याची कडी कोणी फिरवलेलीच नसते. उजवी बाजू झाकून मधल्या चाकाने डावा डोळा स्पष्ट करा, मग डावी झाकून फक्त कडीने उजवा. एकदा बसलं की कडीला हात लावायचा नाही. मधल्या चाकात ढिलेपणा असेल, म्हणजे फिरवलं तरी क्षणभर काही होत नसेल, तर ती परत ठेवा.

झूमची दुर्बीण घेऊच नका, या किमतीत तर नाहीच.

राहिला पट्टा. सोबत येणारा बारीक पट्टा तासाभरात मान कापतो. दोन्ही खांद्यांवरून जाणारा, पाठीवर फुली पडणारा पट्टा वेगळा घ्या. वजन मानेवरून उतरतं आणि वाकलं तरी दुर्बीण दगडावर आपटत नाही. आणि व्हेल्क्रोची पिशवी घरीच ठेवा. ती उघडतानाचा टर्र आवाज हरणाला तुमच्याआधी ऐकू जातो.