साठीनंतर डाएट की भुकेचे ऐकणे : निवड करण्यापूर्वी

ज्यांनी आयुष्यात तीन-चार वेळा वजन उतरवले आणि तितक्याच वेळा ते परत चढलेले पाहिले, त्यांना साठीच्या आसपास पुन्हा एकदा डाएट सुरू करावे, की आता तो नाद सोडून भूक सांगेल तसे खावे, असा प्रश्न पडतो. हा आढावा त्यांच्यासाठी आहे. माझा कल दुसऱ्या पर्यायाकडे आहे, हे आधीच सांगून टाकतो. मात्र हा पर्याय उतारवयात जसाच्या तसा चालत नाही, त्याला दोन-तीन टेकू द्यावे लागतात, असे माझे मत अभ्यासाने आणि थोड्या स्वानुभवाने बनले आहे.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. डाएट म्हणजे वजन कमी करण्यासाठी बाहेरून घातलेला नियम. किती कॅलरी, किती वाजता, कोणता पदार्थ वर्ज्य हे तक्ता ठरवतो आणि भुकेने त्यापुढे मान तुकवायची असते. पथ्य ही निराळी गोष्ट आहे. मूत्रपिंडाच्या आजारात पोटॅशियम मोजणे किंवा हृदय कमकुवत असताना मीठ आवरणे हे पथ्य होय आणि ते या वादाच्या बाहेर आहे. ‘इंट्युइटिव्ह ईटिंग’ म्हणजे शरीराच्या संकेतांनुसार खाणे. ही पद्धत 1995 मध्ये दोन अमेरिकी आहारतज्ज्ञ स्त्रियांनी दहा तत्त्वांच्या रूपात मांडली. डाएटची मनोवृत्ती सोडणे, भुकेचा मान राखणे, कोणत्याही पदार्थाला पाप न समजणे, पोट भरल्याची जाणीव ओळखणे आणि मनाची अस्वस्थता अन्नाने न शमवणे ही त्यांतली ठळक तत्त्वे आहेत. दहावे तत्त्व पोषणाचा सौम्य विचार करण्याचे आहे, पण ‘मनाला येईल ते खा’ असा या पद्धतीचा अर्थ लावणारे नेमके तेच वगळतात. वजन कमी करणे हे तिचे उद्दिष्टच नाही, त्यामुळे त्या अपेक्षेने तिच्याकडे जाणाऱ्याची निराशा होते.

डाएटच्या पारड्यात काय आहे

डाएट निरुपयोगी आहे असे म्हणणे खोटेपणाचे होईल. ब्रिटनमध्ये झालेल्या आणि 2017 च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, टाइप 2 मधुमेह होऊन सहा वर्षांपेक्षा जास्त काळ न लोटलेल्या रुग्णांना तीन ते पाच महिने दिवसाला जेमतेम 825 ते 853 कॅलरींचा आहार दिला गेला. वर्षअखेरीस त्यांतील 46 टक्के रुग्णांची साखर मधुमेहाची औषधे बंद करूनही मधुमेहाच्या पातळीखाली होती. हे यश मोठे आहे. पण त्या चाचणीत 20 ते 65 वयाचेच रुग्ण घेतले होते आणि सारे वैद्यकीय देखरेखीखाली होते, या दोन गोष्टी जाहिरातींत सहसा येत नाहीत. 45 ते 76 वयाच्या 5145 मधुमेही लोकांवर अमेरिकेत अनेक वर्षे चाललेल्या दुसऱ्या एका चाचणीचे निष्कर्ष 2013 मध्ये आले. आहार आणि व्यायाम यांमुळे वजन उतरले, साखर सुधारली, झोपेतला श्वासरोधाचा त्रास घटला आणि हालचाल सुलभ झाली, परंतु हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात यांचे प्रमाण मात्र कमी झाले नाही. म्हणजे डाएटचा लाभ खरा आहे, पण तो सर्वांना आणि सर्व बाबतींत मिळत नाही.

आता खर्चाची बाजू पाहू. उतरलेले वजन नुसत्या चरबीचे नसते, त्यात ढोबळमानाने एक चतुर्थांश वाटा स्नायूंसारख्या चरबीरहित भागाचा असतो. तिशीनंतर दर दशकाला स्नायू तसेही थोडेथोडे घटत असतात आणि साठीनंतर ती घट वेग घेते. चाळिशीत गेलेला स्नायू पुढे भरून काढता येतो. सत्तरीत मात्र गेलेले वजन परत आले तरी ते बहुतांशी चरबीच्या रूपाने येते. वजनकाट्यावर आकडा जुनाच दिसतो, पण खुर्चीतून हात न टेकता उठणे अवघड झालेले असते. डाएटच्या आवर्तनांचा तोटा म्हातारपणी अधिक का, याचे उत्तर मला येथे सापडते, आणि काट्याकडे पाहून तो कळत नाही हीच त्यातली मेख आहे.

यावर उपाय नाही असे नाही. पासष्टीपुढील 160 स्थूल व्यक्तींवरील 2017 च्या एका चाचणीत वजन उतरवताना काहींना चालण्यासारखा व्यायाम दिला, काहींना वजने उचलण्याचा आणि काहींना दोन्ही. पहिल्या गटाचे चरबीरहित वस्तुमान 5 टक्क्यांनी घटले, दुसऱ्याचे 2 आणि तिसऱ्याचे 3 टक्क्यांनी, तर कार्यक्षमतेत सर्वाधिक सुधारणा दोन्ही व्यायाम करणाऱ्यांची झाली. या वयात वजन उतरवायचेच असेल तर वजने उचलण्याच्या व्यायामाशिवाय डाएटला हात घालू नये, असा मी त्याचा अर्थ घेतो.

मनाचा भाग त्याहून जुना आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या काळात, 1944-45 मध्ये, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात 36 निरोगी तरुणांना चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवण्याचा प्रयोग झाला. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले, पण त्याहून बोलके होते ते त्यांचे वागणे. ज्यांनी कधी स्वयंपाकघरात पाऊल टाकले नव्हते ते पाककृती जमवू लागले, एकेक जेवण तासन्‌तास लांबवू लागले, आणि पुरेसे अन्न मिळू लागल्यावरही कित्येकांची खा खा महिनोन्‌महिने थांबली नाही. 2011 मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांना असे आढळले की, दहा आठवड्यांच्या कडक डाएटनंतर वर्ष उलटले तरी भूक वाढवणारी आणि तृप्ती देणारी संप्रेरके पूर्वपदावर आलेली नसतात. ज्यांना आपण ‘जिभेवर ताबा नसलेले’ म्हणून हिणवतो, त्यांच्यातील बरेचजण या संप्रेरकांशी झगडत असतात. वर्षानुवर्षे डाएट केलेल्यांनी स्वतःला दोष देणे थांबवले तरी या माहितीचे चीज झाले.

भुकेचे ऐकायचे, पण भूक बोलते का?

दुसऱ्या पर्यायाची खरी अडचण त्याच्या पुरस्कर्त्यांच्या बोलण्यात फारशी येत नाही, कारण त्यांच्यासमोरचा माणूस बहुधा तरुण असतो. 1994 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तरुण आणि वृद्ध पुरुषांना तीन आठवडे गरजेपेक्षा कमी खायला देऊन नंतर मोकळे सोडले गेले. तरुणांनी जास्त खाऊन तूट भरून काढली, वृद्धांनी काढली नाही. उलट जास्त खायला घातल्यानंतरही वृद्धांनी आपणहून हात आखडता घेतला नाही. म्हणजे वयपरत्वे भुकेचा लंबक दोन्ही बाजूंनी मंदावतो. तहानेचेही तसेच आहे. 1984 मधील एका प्रयोगात चोवीस तास पाण्याविना ठेवलेल्या निरोगी वृद्धांना तरुणांपेक्षा कमी तहान लागली आणि पाणी समोर आल्यावरही ते कमीच प्याले.

अन्नावरची वासना उडणे हे आपल्या बोलण्यात आजारपणाचे लक्षण आहे, पण वयात ते आजाराविनाही हळूहळू घडते. वास आणि चव बोथट होतात, जठर रिकामे व्हायला वेळ लागतो, दात साथ देत नाहीत. औषधे त्यात भर घालतात : मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीने भूक मरते, स्टेरॉइडने खवळते. एकट्याने जेवायची वेळ आलेल्या माणसाला तर भूक असूनही चूल पेटवण्याचा उत्साह नसतो. अशा माणसाला ‘भूक लागेल तेव्हाच खा’ असा सल्ला देणे म्हणजे बंद पडत आलेल्या घड्याळावर गाडीची वेळ साधायला सांगणे होय.

तरीही या पद्धतीचा दुसरा अर्धा भाग वयाने बाद होत नाही. पोटाची भूक आणि तोंड चाळवणे यांतला फरक ओळखणे साठीतही शिकता येते. मी तीन आठवडे एका लहान वहीत प्रत्येक वेळी तोंडात काही घालण्यापूर्वी एक आकडा लिहिला : एक म्हणजे पोटात कावळे ओरडत आहेत, दहा म्हणजे तडस लागली आहे. दुपारी चार वाजता बिस्किटांचा डबा उघडताना मी जवळजवळ रोज सहा किंवा सात लिहिले होते. डबा शेल्फच्या वरच्या फळीवर ठेवलेला असे आणि स्टूल ओढून तो काढण्याइतका उत्साह मला कसा येई, याचे त्या पानांकडे पाहताना हसू आले. भूक तिथे नव्हतीच. निवृत्तीनंतरचा रिकामा वेळ होता. सकाळच्या रकान्यात मात्र वेगळेच निघाले. जुन्या डाएटच्या सवयीने मी न्याहारी टाळत होतो, भुकेची जाणीवही होत नव्हती, आणि बारा वाजता आकडा एकदम दोनवर येऊन मी घरच्यांवर खेकसत होतो. तक्ता पाळताना या दोन्ही गोष्टी मला कधी दिसल्या नव्हत्या, कारण तक्ता पाळणारा स्वतःकडे पाहत नाही, तक्त्याकडे पाहतो.

पुराव्याच्या बाबतीत हा पर्याय डाएटपेक्षा लंगडा आहे, हे मान्य करायला हवे. संकेतांनुसार खाणाऱ्यांमध्ये अधाशीपणाचे झटके कमी आणि स्वतःच्या शरीराबद्दलचे समाधान जास्त आढळते. मात्र अशा अभ्यासांत पुष्कळदा एकदाच प्रश्नावली भरून घेतलेली असते आणि उत्तरे देणाऱ्यांत तरुण स्त्रियांचा भरणा असतो, त्यामुळे कोणते कारण आणि कोणता परिणाम हे छातीठोकपणे सांगता येत नाही. वजनाबद्दल बोलायचे तर ते घटण्यापेक्षा स्थिर राहण्याकडे कल दिसतो. साठीपुढे स्थिर वजन ही लहान कमाई नव्हे.

कोणाला काय मानवेल

गुडघे झिजलेले आहेत आणि वजन बरेच जास्त आहे, किंवा मधुमेह नुकताच निघाला आहे, अशा व्यक्तीने वजन उतरवण्याचा विचार जरूर करावा, पण डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ यांच्या देखरेखीखाली, सावकाश, आणि वर सांगितलेल्या व्यायामासह. इन्शुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातील मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्याने भूक नाही म्हणून जेवण चुकवणे धोक्याचे आहे, कारण साखर एकदम खाली जाऊ शकते. तेथे घड्याळच मोठे. वॉरफरिन हे रक्त गोठू न देणारे औषध घेणाऱ्याने पालेभाज्यांचे प्रमाण मनाच्या लहरीवर न सोडता साधारण सारखे ठेवावे लागते. ही सगळी पथ्ये पाळूनही उरलेल्या ताटात भुकेचे ऐकता येते, दोन्हींत वैर नाही.

केवळ आरशातले पोट किंवा तरुणपणीच्या कपड्यांचे माप खुपते म्हणून पुन्हा डाएट करू पाहणाऱ्याला माझा सल्ला स्पष्ट नकाराचा आहे. पासष्टीपुढील लोकांच्या अनेक अभ्यासांचे 2014 मध्ये एकत्र विश्लेषण झाले, तेव्हा मृत्यूचे प्रमाण सर्वांत कमी आढळले ते 24 ते 30 या बॉडी मास इंडेक्सच्या (उंचीच्या मानाने वजन सांगणाऱ्या आकड्याच्या) पट्ट्यात, आणि 23 च्या खाली ते वाढत गेले. हे आकडे मुख्यतः पाश्चात्त्य लोकांचे आहेत, तेव्हा ते सगळीकडे तंतोतंत लावू नयेत. तरी तरुणांसाठीची ‘आदर्श’ रेषा वृद्धांना लावणे योग्य नाही, एवढे त्यातून कळते. जी व्यक्ती मुळात सडपातळ आहे, एकटी जेवते किंवा जिची वासना कमी झाली आहे, तिच्यासाठी डाएट तर नकोच, पण निव्वळ भुकेवर विसंबणेही पुरेसे नाही.

या शेवटच्या गटासाठी आणि खरे तर माझ्यासारख्या बहुतेकांसाठी मला जमलेली तडजोड अशी आहे : जेवणाच्या वेळा घड्याळाने ठरवायच्या, प्रथिनांचा तळ आकड्याने ठरवायचा आणि बाकी सारे, म्हणजे किती घास, कोणता पदार्थ, कुठे थांबायचे, हे भुकेवर आणि तृप्तीवर सोडायचे. 2013 मध्ये तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने पासष्टीपुढील निरोगी व्यक्तींसाठी वजनाच्या दर किलोमागे दिवसाला 1.0 ते 1.2 ग्रॅम प्रथिने सुचवली, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 60 ते 72 ग्रॅम. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टरांना विचारल्याशिवाय लागू करू नये. ही प्रथिने एकाच जेवणात न कोंबता तिन्ही जेवणांत वाटून घेतली तर पोटालाही जड जात नाही.

वेळ आणि पैसा यांचा हिशेब थोडक्यात उरकतो. डाएटला तराजू, याद्या आणि बहुधा विकतचे पदार्थ लागतात, भुकेचे ऐकायला एक वही पुरते. मात्र वहीचा कंटाळा डाएटपेक्षा लवकर येतो, आणि पहिल्या महिन्यात आजवर वर्ज्य असलेल्या पदार्थांवर तुटून पडण्याची शक्यता असते. ती लाट बहुधा ओसरते. ती पाहून घाबरून पुन्हा तक्त्याकडे वळणारे पुष्कळ आहेत.

कोणताही पर्याय घेतला तरी महिन्यातून एकदा, त्याच काट्यावर, सकाळी वजन करावे. सहा ते बारा महिन्यांत प्रयत्नाशिवाय 5 टक्के वजन घटले, तर डॉक्टरांना दाखवणे आवश्यक असते. 60 किलोच्या माणसात ही घट अवघी 3 किलोंची असते आणि काट्यापेक्षा आधी ती बोटातल्या सैल अंगठीत किंवा पट्ट्याच्या नव्या भोकात दिसते. आयुष्यभर डाएट केलेल्याला मात्र अशी घट पाहून आनंद होतो, भेटणारेही ‘छान बारीक झालात’ म्हणतात आणि तपासणी लांबणीवर पडते. तपासणीला जाताना चालू असलेल्या सर्व औषधांची यादी सोबत न्यावी, कारण भूक मारणारे औषध पुष्कळदा तिच्यातच निघते.