रघुराजपूर: चित्रं अव्वल, खरेदी मात्र डोळे उघडे ठेवून

ओडिशात पुरी-भुवनेश्वर रस्त्यावर चंदनपूरपाशी आत वळलं की भार्गवी नदीकाठचं हे गाव लागतं. २००० साली इन्टॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या पुढाकाराने त्याचं वारसाग्राम झालं. समोरासमोर घरांच्या रांगा, मध्ये देवळं आणि ओसरीवर कामाला बसलेले पटचित्रकार, म्हणजे कापडाच्या पटावर पारंपरिक चित्रं काढणारे कलाकार. राहतं घर हाच कारखाना आणि तेच दुकान. त्यामुळे पाहुण्याचा पैसा थेट करणाऱ्याच्या हातात पडू शकतो. वारसा पर्यटनात गावाला सामील करून घ्यायला वेगळी योजना लागते. इथे निम्मं काम गावाच्या रचनेनेच केलंय.

‘पडू शकतो’ म्हणायचं कारण कमिशन. ड्रायव्हर नेईल त्याच दारात शिरलात तर त्याचा वाटा तुमच्या बिलातून निघण्याची शक्यता असते. गाडी गावाबाहेर थांबवा आणि टोकाच्या घरापासून सुरुवात करा, कारण तोंडाशी असलेल्या घरांतच पाहुण्यांचं पाकीट रिकामं होतं. हाका येतील. नुसतं बघायला आलोय म्हटलं तरी चालतं.

भाव विचारण्याआधी पट कसा होतो ते दाखवायला सांगा. सुती कापडाचे दोन थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवतात, त्यावर खडूच्या पुडीचा लेप देतात आणि वाळल्यावर आधी खरबरीत, मग गुळगुळीत दगडाने घोटतात. पांढरा रंग शंखाचा, काळा काजळीचा, पिवळा हरताळाचा, लाल हिंगुळाचा; ही दोन्ही खनिजं. बांधायला कवठाचा डिंक. (हरताळात आर्सेनिक, हिंगुळात पारा. पोरांना या वाट्यांत बोटं घालू देऊ नका.) स्वस्त चित्रात पोस्टर कलर असतो. त्यात वावगं काही नाही, फक्त खनिज रंगाचा भाव देऊ नका. खरी किंमत रेषेची: डोळे, बोटं, दागिने यांवरची शेवटची काळी रेषा जवळून बघा. एका दमात ओढलेली असेल तर हात मुरलेला आहे.

ताडपत्रावरची चित्रं लोखंडी लेखणीने कोरून वर काजळी चोळतात. ती खाचेतच राहते. रेषेवरून नख फिरवा, अडकलं नाही तर ती छपाई समजा. पट घडी घालून आणू नका, खडूचा थर घडीवर तडकतो. नळकांडं सोबत न्या.

गोटिपुआ, म्हणजे मुलींच्या वेशातल्या मुलांचं नृत्य, हे इथलं दुसरं वैभव. ओडिसी नृत्याचे गुरू केलुचरण महापात्र इथलेच, जन्म १९२६. प्रयोग बघायचा तर आधी कळवा, शाळेची वेळ टाळा आणि मोबदला मध्यस्थाशी नाही, थेट गुरूंशी ठरवा.

आणि पावती मागाच. तिच्यावर कलाकाराचं नाव आणि रंग खनिज की पोस्टर, एवढं लिहून घ्या. आढेवेढे घेतले तर शेजारचं घर आहेच.