फ्लिप्ड क्लासरूम, दोन सेमिस्टर वापरून झाल्यावर

जुलैत सुरू केलं तेव्हा स्टाफरूममध्ये पहिला प्रश्न आला, "म्हणजे मॅडम, आता घरी बसून पगार?" आज एप्रिल संपत आलाय. एवढं काम मी नोकरीच्या पहिल्या वर्षातही केलं नव्हतं. तरी पुढच्या वर्षी पुन्हा करणार आहे, फक्त अर्ध्याच विषयाला.

मी पुण्यात सेकंड इयर सिव्हिल इंजिनिअरिंगला शिकवते. पद्धत बहुतेकांना ठाऊक असेल: लेक्चर मुलांनी घरी व्हिडिओवर बघायचं, गणितं वर्गात सोडवायची. २००७च्या सुमारास अमेरिकेत कोलोरॅडोच्या एका शाळेत जोनाथन बर्गमन आणि ॲरन सॅम्स या केमिस्ट्रीच्या शिक्षकांनी तास बुडणाऱ्या मुलांसाठी रेकॉर्डिंग सुरू केलं, तिथून हे नाव गाजलं. त्यांची मुलं खेळाच्या स्पर्धांमुळे तास बुडवायची. आमच्याकडे डिप्लोमा करून थेट सेकंड इयरला येणारी मुलं असतात. त्यांचे प्रवेश होईस्तोवर महिना-दीड महिना शिकवून झालेलं असतं. ती येतात तेव्हा फळ्यावर बेंडिंग मोमेंट (लोडमुळे बीम, म्हणजे तुळई, किती वाकू पाहते त्याचं माप) चालू असतं आणि ती बिचारी नुसती उतरवून घेतात. मी याच्या नादी लागले ती त्यांच्यापायी.

रेकॉर्डिंगला स्टुडिओ लागत नाही. मोबाइल स्टँडला उलटा टांगायचा, खाली वही, कॉलरला माइक. चेहरा दिसायची गरज नाही, हात दिसला की पुरे. खरी अडचण आवाजाची. आमच्या धायरीच्या फ्लॅटमध्ये पंखा बंद केला की भंगारवाला ऐकू येतो, तो गेला की शेजारचा कुकर. शेवटी रात्री अकरानंतर बसायला लागले. पहिला व्हिडिओ बेचाळीस मिनिटांचा झाला आणि शेवटपर्यंत कोणीही बघितला नाही. एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या साइटच्या कोर्सेसवर २०१४ साली झालेल्या अभ्यासात सहा मिनिटांच्या आतले व्हिडिओ सर्वाधिक टिकून बघितले जातात असं दिसलं होतं. ते वाचलेलं होतं, तरी मोह आवरला नाही. आता सात-आठ मिनिटं, एका व्हिडिओत एकच मुद्दा. बोलते वर्गातल्यासारखंच: "हे रिॲक्शन वर, म्हणून प्लस." बाहेरच्या राज्यातल्या मुलांसाठी तेवढं कागदावर इंग्रजीत लिहिते.

आता मुख्य दुखणं. मुलं व्हिडिओ बघून येत नाहीत. ऑगस्टमध्ये विचारलं, किती जणांनी बघितला? सगळे हात वर. गणित दिलं, तर पहिली पायरी कोणाला येईना. व्ह्यूज वाढायचे ते थेट इनसेमच्या (सेमिस्टरच्या मधल्या परीक्षेच्या) आदल्या रात्री. ऑनलाइन क्विझ लावली, तर उत्तरं ग्रुपवर फिरली. मग दारातच चिठ्ठी घ्यायला सुरुवात केली: व्हिडिओत कुठे अडलात, एक ओळ, स्वतःच्या हाताने. पहिले दोन आठवडे "काही नाही अडलं" अशा चिठ्ठ्यांचा गठ्ठा जमला. ज्याने ते लिहिलं त्यालाच फळ्यावर बोलावू लागले, तेव्हा खऱ्या चिठ्ठ्या यायला लागल्या. एकीवर होतं, "मॅडम, बीएमडी इथे पोट का काढतो?" बीएमडी म्हणजे बेंडिंग मोमेंटची आकृती. बीमवर एकसारखा पसरलेला लोड, शिअरची (बीम कापू पाहणाऱ्या बलाची) रेघ सरळ तिरकी, आणि मोमेंटची आकृती मात्र पोट सुटल्यासारखी. बारा वर्षं ही आकृती काढतेय, हे असं कोणी विचारलं नव्हतं. तो अख्खा तास त्या पोटावर गेला.

वर्गातला तास आधीच आखून ठेवला नाही तर सगळंच मुसळ केरात. माझा आवडता प्रश्न: दोन्ही टोकांना नुसता टेकलेला बीम, लोड मीटरला १० किलोन्यूटन, स्पॅन (दोन आधारांमधलं अंतर) ३ मीटरचा ६ केला तर जास्तीत जास्त मोमेंट किती पट? बहुतेक हात "दुप्पट"ला वर झाले. हार्वर्डचे फिजिक्सचे प्राध्यापक एरिक मझूर यांची रीत अशी, की साधारण ३० ते ७० टक्के उत्तरं बरोबर असली तर आपण गप्प बसायचं आणि मुलांना एकमेकांशी भांडू द्यायचं. आमचे बाक जमिनीला ठोकलेले, म्हणून पुढची मुलं बाकावर उलटी बसली. गलका ऐकून शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले. तेवढ्यात मागून एक जण म्हणाला, "अरे, स्पॅन डबल म्हणजे टोटल लोडपण डबल झाला, आणि त्याचा हातपण डबल लांब झाला!" मोमेंट ११.२५ वरून ४५, चौपट. सूत्रातला स्पॅनचा स्क्वेअर मी इतक्या सोप्या शब्दांत कधीच सांगितला नव्हता.

तक्रारी? आठ मिनिटांच्या व्हिडिओला माझे तीन तास जातात. एका पालकांनी फोन करून विचारलं, फी यूट्यूब बघायला भरली का? वाघोलीहून येणारी मुलं पीएमपीएमएलच्या बसमध्ये उभ्याने बघतात, म्हणून फाइल लहान करून ग्रुपवर टाकते. आणि पाचही विषयांनी हेच सुरू केलं तर मुलांनी झोपायचं कधी? म्हणूनच अर्धा विषय. गणितं असलेली युनिट्स व्हिडिओवर. टॉर्शनचं (दांडा पिळला जाण्याचं) डेरिव्हेशन मात्र परत फळ्यावर, तिथे मला चेहरे बघत पुढे जावं लागतं.

मार्क वाढले का, असं सगळे विचारतात. पेपर दरवर्षी वेगळा, बॅच वेगळी, त्यामुळे मी तो दावा करत नाही. डिप्लोमावरून आलेली एक मुलगी पहिल्याच दिवशी, तोवर झालेल्या सगळ्या व्हिडिओंच्या चिठ्ठ्या एकत्र स्टेपल करून घेऊन आली. शेवटचीवर होतं, "पोट समजलं. पण कॅन्टिलिव्हरला ते खपाटीला का जातं?" एकाच टोकाला घट्ट धरलेल्या त्या बीमचा व्हिडिओ अजून व्हायचाय.